गुण आला तरी गोळी का सोडायची नाही

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या सुरतेच्या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपासून राहत आहेत. शहर बदललं, कामधंदा बदलला, पण औषधाचा हिशेब गावाकडचाच राहिला: गुण आला का? तीन दिवसांत आला तर डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, नाही आला तर दवाखाना बदला. साधा ताप, जुलाब, अंगदुखी यांच्या बाबतीत हा हिशेब पुष्कळदा चालूनही जातो, कारण हे आजार बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपणहूनच उतरतात. रक्तदाब, मधुमेह आणि टीबी यांच्या बाबतीत मात्र तो घातक ठरतो. रक्तदाबाच्या गोळीने काही जाणवतच नाही, म्हणून ती सुटते. टीबीच्या गोळ्यांनी महिन्या-दीड महिन्यात इतकं बरं वाटतं की त्याच कारणाने त्या सुटतात. एकीकडे गुण दिसला नाही म्हणून आणि दुसरीकडे गुण दिसला म्हणून, दोन्हीकडे उपचार अर्धवटच राहतो. माझं म्हणणं असं आहे की औषधाकडून आपण काय अपेक्षा ठेवतो यावर आपल्याला किती बरं वाटेल हे थोडंफार ठरतं, आणि आपण ते औषध किती दिवस घेऊ हे मात्र फार मोठ्या प्रमाणात ठरतं. म्हणून पहिली गोळी घेण्याआधी ही अपेक्षा नीट समजून घेणं, हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

अपेक्षेने बरं वाटतं हे खोटं नाही, आणि ज्याला तसं बरं वाटलं त्याचं दुखणंही खोटं नव्हतं. औषधाचा अंश नसलेली पण औषधासारखी दिसणारी गोळी, म्हणजे प्लासिबो, घेऊन वेदना कमी होतात हे अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. प्लासिबोने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं त्यांना नॅलॉक्सोन हे औषध दिल्यावर दुखणं पुन्हा वाढलं. नॅलॉक्सोन मॉर्फीनसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखतं. अर्थ असा निघाला की आराम पडेल या अपेक्षेने शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडत असावं. पुढे इटलीत तुरिनला शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवर काम झालं. तिथे असं दिसलं की वेदनाशामक औषध रुग्णाला कळू न देता यंत्राने सोडलं, तर तेवढाच आराम पडायला जास्त मात्रा लागते. सांगून, समोर उभं राहून दिलं की कमी मात्रेत भागतं. आजीने कपाळावर हात ठेवून दिलेल्या काढ्याने बरं वाटायचं, त्यात या यंत्रणेचाही वाटा असणार.

पण ही यंत्रणा कुठपर्यंत पोचते हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००१ साली डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी ११४ चाचण्या एकत्र तपासल्या. त्या सगळ्यांत प्लासिबो घेणाऱ्यांची तुलना काहीच न घेणाऱ्यांशी केलेली होती. वेदनेसारख्या, रुग्णाने स्वतः सांगायच्या गोष्टींत प्लासिबोचा थोडा परिणाम दिसला. बाकी ठिकाणी, विशेषतः यंत्राने मोजता येणाऱ्या गोष्टींत, दखल घ्यावी असं फारसं काही हाती लागलं नाही. याहून बोलकी चाचणी २०११ ची आहे. दम्याच्या रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी सालब्युटामॉलचा खरा पंप, औषध नसलेला पंप आणि ॲक्युपंक्चरचा नुसता आव असे उपचार दिले, आणि काही दिवशी काहीच दिलं नाही. किती बरं वाटतं असं विचारल्यावर खरा पंप, खोटा पंप आणि खोटं ॲक्युपंक्चर यांत जवळपास फरक नव्हता: सुधारणा अनुक्रमे ५०, ४५ आणि ४६ टक्के. काहीच न दिलेल्या दिवसांचा आकडा २१ होता. मग फुफ्फुसातून जोराने किती हवा बाहेर पडते ते मोजलं. खऱ्या पंपाने ती सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती, बाकी तिन्हींमध्ये जेमतेम ७ टक्क्यांनी. रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर मोकळं वाटत होतं, आणि श्वासनळ्या मात्र तशाच आवळलेल्या होत्या. दम्याच्या माणसासाठी यात सरळ धोका आहे. ज्याला बरं वाटतंय तो दवाखान्यात वेळेवर पोचत नाही.

आता नियमितपणाकडे येऊ. इथे एक असा पुरावा आहे की पहिल्यांदा वाचताना माणूस गोंधळतो. अमेरिकेत १९६६ ते १९६९ दरम्यान, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आठ हजारांहून जास्त पुरुषांना ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीत घेतलं गेलं. एका गटाला कोलेस्टेरॉल कमी करणारं क्लोफायब्रेट दिलं, दुसऱ्या गटाला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. पाच वर्षांत पहिल्या गटातले २० टक्के दगावले आणि दुसऱ्यातले २०.९ टक्के. थोडक्यात, क्लोफायब्रेटने जीव वाचले नाहीत. मग १९८० साली नियमितपणाचा हिशेब प्रसिद्ध झाला. क्लोफायब्रेटच्या ८० टक्के किंवा जास्त कॅप्सूल घेणाऱ्यांत मृत्यू १५ टक्के, त्याहून कमी घेणाऱ्यांत २४.६ टक्के. एवढंच छापलं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, औषध नियमित घेतलं की गुण येतोच. पण प्लासिबोच्या गटातही तेच निघालं: नियमित घेणाऱ्यांत १५.१ टक्के, अनियमितांत सुमारे २८ टक्के. वय, आधीचे आजार अशा चाळीस गोष्टींचा फरक हिशेबात धरल्यावर हे अंतर कमी झालं, पण पुसलं गेलं नाही.

रिकाम्या कॅप्सूलने माणसं जगली का? मला तसं वाटत नाही, आणि तसं मानायला आधारही नाही. जो माणूस पाच वर्षं रोज न चुकता कॅप्सूल घेतो तो बहुधा तंबाखू सोडलेला असतो, वेळेवर जेवणारा असतो, छातीत दुखलं तर घरी बसून न राहणारा असतो, आणि त्याच्या घरात गोळीची आठवण करणारं कुणीतरी असतं. उलट ज्याची तब्येत आतून ढासळत चालली आहे, ज्याला उदासीनतेने घेरलं आहे, त्याच्याकडूनच गोळ्या चुकतात. नियमित कॅप्सूल घेणाऱ्या माणसाच्या मनात बरं होण्याची आशा असते, आणि त्या आशेचाही काही वाटा असेल. पण या चाचणीतून तो वेगळा काढून दाखवता येत नाही. २००६ साली असे २१ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही प्लासिबो नियमित घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. त्याच पाहणीत दुसरीही एक बाब दिसली आणि ती वाचकाने लक्षात ठेवावी: जी औषधं पुढे घातक ठरली, ती नियमित घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. म्हणजे नियमितपणा आपल्या जागी मोठा गुण असला तरी औषध योग्य आहे की नाही हा प्रश्न तो सोडवत नाही. वैदूचं चूर्ण, किंवा कुणी दिलेली बिननावाची पुडी वर्षभर निष्ठेने घेतल्याने ती औषध होत नाही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, म्हणून गुडघे दोन दिवसांत मोकळे होतात आणि पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आमच्या ओळखीतल्याला तर गोळ्या न घेता, झाडपाल्यानेच गुण आला. आला असेल. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६१ ते १९६८ या काळात ग्रामीण भागात टीबीचा पाठपुरावा केला. तेव्हा उपचार आजच्यासारखे गावोगावी पोचलेले नव्हते. थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत जवळपास निम्मे वारले, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांच्या थुंकीतले जंतू आपोआप नाहीसे झाले. या एक तृतीयांश लोकांनी त्या काळात जे काही केलं असेल, मग तो नवस असो, गंडा असो की मुळी, त्याला यश मिळालं असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. आणि सांगायला तेच उरतात. निम्मे जे गेले त्यांचा अनुभव कोणी सांगत नाही. कावीळ उतरवणाऱ्यांची कीर्तीही बरीचशी अशीच टिकून आहे, कारण दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांत आपोआप ओसरते.

टीबीचंच उदाहरण पुढे नेतो, कारण अपेक्षा आणि नियमितपणा यांची गाठ या आजारात सगळ्यात स्पष्ट दिसते. एके काळी टीबी झाला की मिरज किंवा पाचगणीचं सॅनेटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने विश्रांती हाच उपचार समजला जाई. १९५६ पासून मद्रासमध्ये एक चाचणी झाली: काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, काही आपल्या दाटीवाटीच्या घरात. दोन्हीकडे औषधं तीच. घरच्या रुग्णांचं खाणं कमी, काम जास्त, तरी वर्षअखेरीस जंतू नाहीसे होण्याच्या प्रमाणात फार फरक पडला नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरातली सॅनेटोरियमं हळूहळू बंद पडली. पण त्याच कामातून दुसरी अडचण समोर आली: घरी राहणारा माणूस महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहीलच असं नाही. कुणाच्या तरी देखरेखीखाली गोळ्या घेण्याची पद्धत, म्हणजे आपण ज्याला डॉट्स म्हणतो ती, या प्रश्नातूनच वाढत गेली.

आज साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा आहे: चार औषधांचे ५६ दिवस, मग तीन औषधांचे ११२ दिवस, एकूण १६८. पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात. ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. मागे उरतात ते संथ, जवळपास निद्रिस्त जंतू. त्यांना संपवायला उरलेले महिने लागतात, आणि त्या काळात रुग्णाला नवीन असं काहीच जाणवत नाही. मला वाटतं रुग्णाला पहिल्या दिवशी सांगायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: तुम्हाला दुसऱ्या महिन्यात ठणठणीत वाटेल, आणि तेव्हा कोर्स अर्धाही संपलेला नसेल. हे आधी सांगितलेलं असलं की बरं वाटणं हे कोर्स बरोबर चालल्याचं चिन्ह ठरतं. न सांगितलेलं असलं की तेच कोर्स संपल्याचं चिन्ह वाटतं. नुसत्या भीतीने हे काम होत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या धास्तीने याच सुरतेत औषध दुकानांतली टेट्रासायक्लिन पाहता पाहता संपली होती. भीती माणसाला पहिली गोळी घ्यायला लावते. शंभराव्या दिवशीची गोळी घ्यायला ती पुरत नाही, कारण तोवर भीती उरलेलीच नसते.

अपेक्षेची दुसरी बाजू त्रासाची आहे. औषध अंगावर येईल, गरम पडेल असं मनात बसलं की त्रास खरोखर होतो. लंडनमध्ये झालेल्या ‘सॅमसन’ चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. त्रासामुळे कोलेस्टेरॉलची गोळी सोडून दिलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी, आणि काही महिने रिकामी बाटली दिली. रोजचा त्रास शंभरपैकी किती हे त्यांनी नोंदवायचं होतं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीत १५.४, खऱ्या गोळीत १६.३. म्हणजे त्रासाचा सुमारे नव्वद टक्के भाग गोळी घेण्यानेच आला होता, त्यातल्या औषधाने नव्हे. स्वतःचे आकडे दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. या माणसांना कोणी वेडगळ म्हटलं असतं तर एकानेही सुरू केली नसती.

म्हणून त्रासाची माहिती लपवू नये, पण ती देण्याची पद्धत असते. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की लघवी नारिंगी-लालसर होते. हे आधी माहीत नसलेला माणूस रक्त पडतंय असं समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. ज्याला आधी सांगितलं आहे त्याला तोच रंग पाहून औषध शरीरात पोचल्याची खात्री पटते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पहिले काही दिवस पोट बिघडतं, मग बहुधा सावरतं. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते आणि डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलू शकतात. याउलट टीबीच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे होणं, अन्नावरची वासना जाऊन सतत उलट्या होणं, नजर धूसर होणं किंवा रंग ओळखता न येणं हे मनाचे खेळ समजून सहन करायचे नाहीत. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कोणता त्रास वाट पाहण्याचा आणि कोणता धावत जाण्याचा, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या.

कोणी म्हणेल, आशेने इतकं होतं तर डॉक्टरांनी सलाईन लावून किंवा ताकदीचं इंजेक्शन देऊन ती आशा का वाढवू नये? आपल्या वस्त्यांतले पुष्कळ रुग्ण तेच मागतात आणि पुष्कळ दवाखाने तेच देतात. माझा याला विरोध आहे, आणि तो फक्त नीतीचा नाही. सलाईनने दिवसभर तरतरी वाटते. मग रुग्णाच्या मनात गुण म्हणजे तरतरी हे समीकरण पक्कं होतं, आणि काहीच न जाणवणारी रक्तदाबाची साधी गोळी त्याला बिनकामाची वाटू लागते. शिवाय आशा जागवायला फसवणूक लागते असंही नाही. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी आतड्यांच्या विकाराच्या ८० रुग्णांपैकी काहींना, यात औषध नाही असं उघड सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांतल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. गोळी न मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. अभ्यास लहान होता आणि त्यातला आराम जाणवण्याचाच होता, पण खरं बोलून, वेळ देऊन, समजावूनही अपेक्षा जागवता येते एवढं त्यातून नक्की कळतं. मग ती खऱ्या औषधाच्या पाठीशी उभी का करू नये?

याहून वजनदार आक्षेप गरिबीचा आहे. लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, मीटरवर किंवा हजेरीवर पगार. एक खाडा म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. अशा माणसाला अपेक्षा सुधारा म्हणून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं नियमित घेणारे सरासरी निम्मेच असतात, तर इथे सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. दवाखान्याची वेळ पाळीशी जुळायला हवी, गोळ्या संपण्याआधी मिळायला हव्यात. महापालिकेची आरोग्य केंद्रं, स्मीमेर आणि नवी सिव्हिल इथे टीबीची औषधं मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपयांच्या हिशेबाने पैसे बँक खात्यात जमा होतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते). तो हक्काचा पैसा आहे, मागून घ्या. आणि आपल्या हातात जे आहे तेही थोडं नाही. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर ‘सकाळी’ या शब्दाला अर्थ उरत नाही. तेव्हा डॉक्टरांना दोन्ही पाळ्यांच्या वेळा सांगा आणि गोळीची वेळ त्यांच्याशी बोलून जेवणाशी किंवा कामावर निघण्याशी बांधा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. किती चुकल्या ते डॉक्टरांना खरं सांगा. रोज घेतो असं सांगितलं की न उतरलेला रक्तदाब पाहून ते मात्रा वाढवतात, आणि मग ज्या दिवशी तुम्ही ती खरोखर घ्याल त्या दिवशी चक्कर येईल.

जे जाणवत नाही ते मोजूनच पाहावं लागतं. रक्तदाबासाठी आकडा, मधुमेहासाठी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी, टीबीसाठी थुंकीची तपासणी आणि वजन. हे आकडे एका वहीत तारखेसह लिहा आणि वही घरातल्या दुसऱ्या माणसाच्याही नजरेस पडेल अशी ठेवा. औषध चालू करताना डॉक्टरांना विचारा: हे घेतल्यावर मला काय जाणवेल, काय जाणवणारच नाही, आणि ते काम करतंय हे कोणत्या तपासणीतून कळेल? पाच मिनिटांचा हा संवाद नाकारणारा डॉक्टर बदलायला हरकत नाही. गोळी मात्र त्या कारणाने थांबवू नका.

आपल्या लोकांचे कोर्स तुटण्याची एक ठरलेली वेळ आहे: अखाजी, लग्नसराई, श्रावणातली कानबाई, लूमची खाती बंद असतानाची दिवाळीची सुट्टी. भुसावळची गाडी पकडण्याच्या घाईत गोळ्या मागे राहतात, आणि गावी गेल्यावर बरं वाटतंय म्हणून कोणी आठवणही करत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी केंद्रात जाऊन किती दिवसांसाठी जातोय ते सांगा. टीबीचा कोर्स चालू असून मुक्काम लांबणार असेल तर निक्षय या टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली आपली नोंद गावाजवळच्या सरकारी केंद्रात वळवून घ्या, म्हणजे औषध तिथेही मोफत चालू राहतं. निक्षय क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा. अडचण आली तर १८००-११-६६६६ हा टीबीसाठीचा सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे.